यू दे, यू दे!

कोल्हापूरच्या रस्त्याला कड असते, असं फक्त आरटीओच्या लोकांना वाटतं. आम्हाला माहीत आहे की डांबर संपतं तिथं खडी सुरू होते, खडीवर मोटारसायकलींची रांग असते, रांगेपलीकडं गटारीवरची हलणारी फरशी, फरशीवर केळीवाल्याचा गाडा आणि गाड्याच्या मागं, नशीब जोरावर असेल तर, फूटपाथ. यातलं नेमकं काय कड धरून गाडी तिथं लावायची, हे ठरवण्यातच माझ्या लर्निंग लायसन्सची बरीच मुदत सरली.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. हे ३० दिवस शिकणाऱ्याला शिकण्यासाठी दिलेत असा माझा समज होता. आमच्या घरात ते नवऱ्यानं आणि पोरानं मनाची तयारी करण्यात घालवले. तोवर गाडीच्या पुढं-मागं 'एल'ची पाटी लावायची, पांढऱ्यावर तांबडं अक्षर. बाकीच्या महाराष्ट्रात ही पाटी बघून लोक लांब सरकत असतील. कोल्हापुरात तांबडा-पांढरा दिसला की माणूस जवळच येतो, त्याला कायदा तरी काय करणार!

आमचे ड्रायव्हिंगचे मास्तर अत्यंत शांत माणूस. शांत असायला त्यांना परवडतं, कारण शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही पायाशी क्लच आणि ब्रेक असतो. गाडी सरळ नेणं मला चार दिवसांत जमलं, गियरही बिचारे आपापल्या जागी पडायला लागले. पण मास्तर म्हणाले, "वहिनी, पळवायला काय, कुणीबी पळवतंय. कडंला घेऊन थांबवून दावा."

आता बघा, बाई बसणार उजवीकडं आणि कड असणार डावीकडं. मध्ये मास्तर, त्यांचं पोट आणि गाडीचा दरवाजा. दिसणार काय? इंडिकेटर द्या, आरशात बघा, क्लच दाबा, ब्रेकवर पाय हळूच ठेवा, गाडी तिरकी आत घ्या, पुन्हा सरळ करा आणि चाक कडेपासून वीतभर अंतरावर थांबवा. वीत कुणाची, हे मास्तरांनी सांगितलं नाही. माझी वीत धरली तर गाडी गटारीत, त्यांची धरली तर रस्त्याच्या मध्यावर.

शेवटी त्यांनी गुपित सांगितलं. समोरच्या काचेतून बघितलं की कडेची रेघ बॉनेटवर एका ठरावीक जागी येऊन भिडल्यासारखी दिसते. ती त्या जागी आली की खालचं चाक बरोबर अंतरावर असतं. जागा लक्षात राहीना, म्हणून मी कपाळावरची टिकली काढली आणि काचेवर चिकटवली. काय सांगू, चमत्कारच झाला! रेघ टिकलीला लागली की थांबायचं, खाली उतरून बघावं तर चाक मापात. मास्तरांनी एवढ्या वर्षांत खडूची खूण बघितली होती, चिकटपट्टी बघितली होती, टिकली पहिल्यांदाच.

हे सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी माझ्या आधीच्या बॅचला एक सहा फुटी पैलवान येऊन गेला, त्यानं सीट मागं सरकवली, आणि मी तशीच बसले. टिकली जागेवर, रेघ जागेवर, गाडी मात्र केळीवाल्याच्या दारात. तेव्हापासून मी घरातून उशी नेते आणि सीटचा खटका किती दाते पुढं आहे ते मोजून मगच किल्ली फिरवते.

शेंडा पार्कच्या मोकळ्या भागात हात बसल्यावर मास्तरांनी मला सकाळी रंकाळ्याला आणलं. तलावाकडं तोंड करून बसलेली फिरायला आलेली मंडळी गाडीचा इंडिकेटर लागताच बाकड्यावर उलटी वळून बसली. रंकाळा रोजचाच आहे, बाई गाडी लावताना रोज दिसत नाही. दोन मोटारींच्या मधली जागा धरून मी रिव्हर्स टाकला मात्र, माकडटोपीतले एक काका उठलेच. "यू दे, यू दे, यू दे..." त्यांचा हात हलतोय, मी मागं येतेय. तेवढ्यात दुसरीकडून स्वेटरवाले काका. "अवो, फुल्ल कट मारा आता!"

"मारू नका वो वहिनी! सोडा, सोडा!"

"सोडा काय सोडा? मागची गाडी दिसंना व्हय तुमास्नी?"

माकडटोपी शिवाजी पेठेतली निघाली आणि स्वेटर मंगळवार पेठेतला. या दोन पेठांचं फुटबॉलमध्ये काय होतं ते शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांना विचारा. पाच मिनिटांत माझं स्टेअरिंग बाजूला राहिलं आणि कुठल्याशा जुन्या मॅचमधला गोल ऑफसाइड होता का नव्हता, यावर बाकडं दुभंगलं. माझी गाडी तिरकीच उभी. मागं केएमटीची बस हॉर्न वाजवतेय. शेवटी बसचा कंडक्टर खाली उतरला, त्यानं दोन्ही काकांना हातानं बाजूला केलं आणि काचेशी येऊन म्हणाला, "काकी, कुणाचं ऐकू नका. मी सांगतो तसं करा. यू दे..."

कोल्हापुरी माणसाला गाडी लावताना दुसऱ्याला मदत न करणं जमतच नाही. हातातलं दूध खाली ठेवेल, पण "यू दे" म्हणेल. स्वतःला गाडी येत असलीच पाहिजे असंही नाही; एका आजींनी मला "आता उजवं चाक तोडा" म्हणून सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं.

मास्तर धीर द्यायला म्हणाले, "दिवाळीत म्हशी पळवत्यात बघितलासा न्हवं? मालक मोटारसायकलवर फुडं, म्हस मागं. मालक थांबला की म्हस जाग्यावर उभी. तिला जमतंय, तुमास्नी का जमंना?" मी म्हटलं, मास्तर, म्हशीला रिव्हर्स घ्यायला कोण सांगतंय?

आणि रिव्हर्स तर नियमातच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत उमेदवारानं गाडी मागं घेऊन डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मर्यादित जागेत ताब्यात ठेवून, बऱ्यापैकी अचूक घालावी असं म्हटलंय. बऱ्यापैकी! सरकार एवढं समजूतदार असतं हे मला पहिल्यांदाच कळलं. मास्तरांनी वीत कुठून काढली कुणास ठाऊक.

टेस्टच्या दिवशी आठचा आकडा काढून झाला. मग साहेब शेजारी बसले आणि म्हणाले, "पुढं जाऊन डाव्या बाजूला थांबवा." बास. त्यापुढं एक शब्द नाही. इतके आठवडे अख्ख्या गावानं गाडी लावायला मदत केलेली, आणि आता गाडीत घड्याळाची टिकटिक ऐकू येईल एवढी शांतता. इंडिकेटरचा टकटक आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. घशाला कोरड पडली. एवढ्यात कंपाउंडच्या भिंतीकडं लक्ष गेलं. बाकीच्या उमेदवारांचे नातेवाईक तिथं उभे होते. बोलायची मनाई, त्यामुळं तोंडं गच्च मिटलेली; पण प्रत्येकाचा एकेक हात कमरेपाशी बारीक हलत होता. यू दे, यू दे. एका पोराची तर नुसती बोटंच हलत होती. मग एकदम सगळे तळवे उभे राहिले आणि मी ब्रेक दाबला.

साहेब खाली उतरले, वाकून चाक बघितलं, परत आले आणि काचेकडं बोट करून म्हणाले, "ही टिकली कुणाची?"

"माझीच, साहेब."

"राहू दे," म्हणाले, आणि सही केली.

लायसन्स पोस्टानं घरी आलं, देवापुढं ठेवलं, पेढे वाटले. आता अडचण एवढीच की आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात गाडी शिरते, पण शिरल्यावर तिचं दार उघडत नाही. म्हणून गाडी असते नणंदेच्या दारात, रुईकर कॉलनीत. भाजीला जायला गाडी काढायची म्हटलं की आधी रिक्षानं रुईकर कॉलनी गाठायची. परवा रिक्षावाल्यानं विचारलंच, "वहिनी, सारखं हिकडं कुठं जातासा?"

"गाडी चालवायला."

त्यानं आरशातून माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग फोन कानाला तसाच धरून, एका हातानं, कुठंही न बघता त्यानं रिक्षा कडेला घेतली. मी उतरून खाली बघितलं. चाक आणि कठड्यात बरोबर वीतभर अंतर.

"सुट्टे द्या," तो म्हणाला.