'बजेट एअरलाइन म्हणजे फसवणूक' : फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते फॉरवर्ड परवा तिसऱ्यांदा आलं. म्हणणं असं : स्वस्त कंपन्यांची विमानं जुनाट, बॅग-सीट-जेवण धरलं की पैसे तेवढेच, कंपनी कधी बुडेल नेम नाही, आणि तिकीट रद्द केलं की छदाम परत नाही. म्हणून फुल सर्व्हिसनेच, म्हणजे जेवण-बॅग तिकिटातच धरणाऱ्या कंपनीनेच जा.

जुनाट विमानांचं आधी संपवू. स्वस्त कंपनीचं गणितच नव्या विमानावर चालतं, कारण ते इंधन कमी पितं आणि दुरुस्तीला कमी उभं राहतं. इंडिगोच्या ताफ्यात २०१६ पासून एअरबसची ए३२० निओ ही कमी इंधन पिणारी नवी विमानं येत गेली. विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचे देखभालीचे नियम सगळ्यांना एकच. काटकसर होते ती आपल्या गुडघ्यांच्या जागेत.

'पैसे तेवढेच' हा मात्र दुखरा मुद्दा. दिवाळीनंतर आईला घेऊन पुण्याहून नागपूरला बहिणीकडे निघालो होतो. काउंटरवर बॅग ठेवली, आकडा आला १७.४ किलो. मर्यादा १५. मागे रांग खोळंबलेली आणि आई तिथेच फरशीवर बसून बॅग उघडतेय. चकलीचा डबा माझ्या सॅकमध्ये, लाडू तिच्या पर्समध्ये. पैसे वाचले, पण परत आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर हुकाचा वजनकाटा मागवला. तेव्हा चीड मलाही आहे. पण फॉरवर्डवाले हे सांगत नाहीत की एअर इंडियानेही २०२४ मध्ये सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकिटावरची मोफत बॅग १५ किलोवर आणली. उरला फरक जेवणाचा. दीड तासाच्या प्रवासाला घरची पोळी-भाजी पुरते.

सीटचंही तसंच. वेब चेक-इनला बहुतेक सीटांवर किंमत दिसते आणि माणूस घाबरून भरून टाकतो. न भरताही सीट मिळते, बहुतेक वेळा मधली. काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे वेगळे पैसे घेऊ नका, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. लहान मूल सोबत असेल, बॅगा जड असतील, तर मात्र सगळी बेरीज करून बघा. तिथे फॉरवर्ड खरं ठरू शकतं.

बुडण्याबद्दल काय बोलायचं? २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ मध्ये जेट एअरवेज. दोन्ही गरम जेवण वाढणाऱ्या, फुल सर्व्हिसच्या. २०२३ ची गो फर्स्ट तेवढी बजेटवाली.

रद्द तिकिटाचं म्हणाल तर मूळ भाडं जाऊ शकतं. पण 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळाचा यूडीएफ (तिकिटातच घेतलेलं विमानतळ वापरण्याचं शुल्क) परत करावाच लागतो, अगदी प्रवासाला गेलाच नाहीत तरी. आपण मागत नाही, हा भाग वेगळा.

गंमत म्हणजे खरी अडचण त्या फॉरवर्डमध्ये लिहिलेलीच नाही. स्वस्त कंपनी सगळं घट्ट ताणून चालवते. एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं, मध्ये जेमतेम अर्धा तास उसंत. सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं विमान संध्याकाळी पुण्याच्या प्रवाशाला रखडवतं. म्हणून मी झोपमोड करून पहाटेचंच घेतो. माणसांच्या बाबतीतही तोच ताण. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं आणि हजारो उड्डाणं रद्द झाली.

त्याहून वाईट म्हणजे वेगवेगळ्या पीएनआरवर, म्हणजे बुकिंग नंबरवर, जोडलेली दोन तिकिटं. भाच्याने नागपूर-मुंबई स्वस्तातलं घेतलं, पुढचं फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीचं, मध्ये अडीच तास. पहिल्याला दोन तास उशीर. बॅग पट्ट्यावर यायच्या आधीच फ्रँकफर्टचं काउंटर बंद झालं होतं. एकाच पीएनआरवर असता तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची होती. इथे तो दुसऱ्या कंपनीच्या लेखी नुसता 'नो-शो', म्हणजे न आलेला प्रवासी. वाचवले होते २,५०० रुपये. नवं तिकीट ५२,००० ला पडलं.