नरक्याचा काढा औषध नाही आणि पर्यावरणपूरकही नाही

परवा मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मजकूर मला पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "काकांना रोज किती द्यायचा गं?" काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. तोच मजकूर नंतर आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

मजकूर थोडक्यात असा: सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडाच्या सालीत आणि मुळात कॅन्सरचं औषध आहे. कंपन्या ते घातक रसायनांनी काढतात. आपण साल पाण्यात उकळायची, 'अर्क पूर्ण उतरावा म्हणून' चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. रसायन नाही म्हणून पद्धत पर्यावरणपूरक, नैसर्गिक म्हणून दुष्परिणाम शून्य. झाड तर पुन्हा फुटतंच. आणि हा शोध अमेरिकेने आपल्याकडून चोरला.

आधी खायच्या सोड्याचं बघू, कारण जीव त्यात जाऊ शकतो. नरक्यातल्या द्रव्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ घातला की त्याच्या रेणूतलं एक कडं उघडतं आणि ते पाण्यात उतरतं, इथपर्यंत मजकूर लिहिणाऱ्याला कुठून तरी कळलेलं दिसतं. पुढचं त्याने वाचलं नाही. कडं उघडलं की द्रव्याचा कॅन्सरवरचा जोर बराचसा जातो. आणि लघवी आम्लधर्मी असली की मूत्राशयात तेच कडं पुन्हा मिटतं, द्रव्य पुन्हा जहाल होतं आणि आतलं अस्तर सोलून काढतं.

ही माझी कल्पना नाही. कडं उघडून पाण्यात उतरणाऱ्या याच रूपाच्या, म्हणजे कॅम्प्टोथेसिनच्या सोडियम क्षाराच्या, चाचण्या अमेरिकेत 1970 च्या आसपास माणसांवर झाल्या. पांढऱ्या पेशी कोसळल्या, जुलाब थांबेनात, लघवीतून रक्त गेलं. 1972 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पोटाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरचे, म्हणजे काकांसारखेच, 61 रुग्ण तपासून निष्कर्ष छापले. गाठ आकसली फक्त दोघांची, तीही पूर्ण नाही. चाचण्या बंद पडल्या. मोजून-मापून, शुद्ध द्रव्य शिरेतून देणाऱ्या डॉक्टरांनी जे सोडून दिलं, ते आपण पातेल्यात अंदाजाने उकळून पेशंटला पाजायचं?

अंदाजाने म्हणते, कारण वाळलेल्या सालीत हे द्रव्य साधारण 0.3 टक्क्यांच्या आसपास असतं, पण एका झाडापेक्षा दुसऱ्यात कित्येक पट जास्त असू शकतं. काल निभावलेला पेला आज घात करू शकतो.

त्यात काकांच्या सलाईनमधून जाणारं औषध इरिनोटेकान. ते कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतच बदल करून बनवलेलं आहे. अमेरिकेत त्याला 1996 मध्ये परवानगी मिळाली. इरिनोटेकानने आधीच जुलाब होतात, पेशी घटतात. त्यावर घरचा काढा म्हणजे त्याच जातीच्या विषाचा बेहिशेबी दुसरा डोस.

चोरीचा आरोप दोन वाक्यांत संपतो. कॅम्प्टोथेसिन 1966 मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे. नरक्यात ते असल्याचं 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनीच छापलं.

राहिलं 'पर्यावरणपूरक'. कंपन्या द्रव्य विरघळवून काढायला मिथेनॉल, क्लोरोफॉर्मसारखी द्रावकं वापरतात आणि ती कमी व्हायला हवीत, हे मला मान्य आहे. पण द्रावक बदलल्याने जंगल वाचत नाही. पातेल्यात पाणी आहे की मिथेनॉल, याने झाडाला काय फरक पडतो? किलोभर वाळलेली साल म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम द्रव्य, आणि तेही सगळं हाती येत नाही. त्यासाठी कोणत्या झाडाचा कोणता भाग तोडला, हा खरा प्रश्न आहे. साल बुंध्याभोवती गोल सोलली की पानांत तयार झालेलं अन्न मुळापर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. मूळ खणलं तर विषयच संपला.

पुन्हा फुटण्याचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे. बुंधा राखून वरून तोडलेल्या नरक्याला धुमारे येतात. पण लाकडाचा व्यापारी बुंधा राखत नाही, कारण मुळालाही भाव असतो. कोल्हापूर-सिंधुदुर्गात पकडलेल्या नरक्याच्या बातम्या वाचल्या नसतील तर वाचा. शिवाय धुमाऱ्याला पुन्हा फळं धरेपर्यंत वर्षं जातात. तोवर बी पडत नाही, नवं रोप येत नाही. पर्यावरणपूरक म्हणायचंच असेल तर ते लागवडीच्या झाडांची छाटणी वापरणाऱ्याला आणि द्रावक गाळून पुन्हा वापरणाऱ्याला म्हणा. आंबोलीच्या जंगलातून साल ओरबाडून घरी सोड्यात उकळणाऱ्याला नाही.

मावशीला फोनवर सांगितलं, एक थेंबही नको. ज्यांच्या घरी काढा आधीच सुरू झालाय त्यांनी तो आजच थांबवावा आणि पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना सांगावं: काय दिलं, किती दिवस, सोडा घातला होता का. उरलेली साल सोबत न्यावी. ताप, थांबत नसलेले जुलाब किंवा लघवीत रक्त असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.