तो आपल्याच वर्गातला होता

आज सकाळी कृष्णाकाठी आमच्या एका वर्गमित्राचं रक्षाविसर्जन झालं. परवा पहाटे हार्ट अटॅकनं गेला. नाव लिहीत नाही, वर्गातल्यांना कळेल. निदान मला तसं वाटलं होतं. घरी येऊन ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. एकानं विचारलंय, "हा आपल्या बॅचला होता का?" खाली दुसऱ्याचं उत्तर, "दहावीला नापास झाला ना तो, आपल्या यादीत नाही." आणि त्याच्या खाली लगेच डिसेंबरच्या स्नेहमेळाव्याच्या टी-शर्टांचा रंग कुठला ठेवायचा ते.

यादीत नाही! पाचवीपासून आपल्याबरोबर बसलेला मुलगा गणितात गेला म्हणून वर्गातूनच गेला? दहावीनंतर तो वडिलांच्या जागी मार्केट यार्डात हमालीला लागला. हळदीच्या सीझनला कधीही भेटा, नखांच्या कडा आणि तळहाताच्या रेघा पिवळ्या. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले. ती हळद ज्यांच्या पाठीवरून ट्रकात चढते त्यातला एक आपला होता, हे कुणाला आठवलं नाही.

मला त्याची पाठच आठवते. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलेलं. मी विश्रामबागला, आई गावभागात वरच्या मजल्यावर एकटी, निम्मा जिना पाण्यात. ज्याचा नंबर होता त्याला फोन लावला. बहुतेक जण "बघतो" म्हणाले. हा यार्डातली पोरं आणि एक नाव घेऊन निघाला. बोळात नाव शिरेना, तर छातीभर पाण्यातून चालत जिन्यापर्यंत गेला. आईच्या इन्सुलिनचा डबा टॉवेलनं स्वतःच्या डोक्याला बांधला आणि म्हणाला, "काकू, गळ्याला घट्ट धरा. पोत्यापेक्षा हलक्या आहात तुम्ही." तिनं खाली बघू नये म्हणून बोळ संपेपर्यंत बोलत राहिला. काय बोलला? शाळेचं! कुठल्या बाई कशा रागवायच्या, कोण कुठल्या बाकावर बसायचं. त्याच्या यादीत आपण सगळे होतो रे.

मान्य, कामाच्या दिवशी सकाळी सुट्टी मिळत नाही. पुण्या-मुंबईहून येणं तर अवघडच. पण जे सांगलीतच राहतात त्यांचं काय? घाटावर वर्गातले आम्ही तिघंच. बाकी सगळे यार्डातले, सौदे सुरू व्हायच्या आत आलेले, कामाच्याच कपड्यांत. आणि माझी आई. गुडघे धरून पायऱ्या उतरली. परत येताना रिक्षात म्हणाली, "मला पाठीवर घेऊन चालताना त्याला धाप लागत होती गं, मला ऐकू येत होती. पण बोलायचा थांबला नाही."

हे लिहिताना राग थोडा उतरला. ज्यानं विचारलं त्याच्या मनात वाईट नसेलही, शाळा सुटून खूप वर्षं झाली. पण "यादीत नाही" लिहिणाऱ्यानं ते आधी पुसावं. गेलेल्या मित्राची मुलगी बारावीला आहे, उद्या कुणी तिला स्क्रीनशॉट दाखवला तर?

आता कामाचं. तो माथाडी मंडळात नोंदलेला होता. 1969 च्या माथाडी कायद्यानं झालेल्या या मंडळांकडे हमालांचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी जमा होते. ते घरच्यांनी मागायचं तर वारसाचे कागद, दाखले, अर्ज. वहिनींना यातलं काहीच माहीत नाही, सारखं "ते बघायचे सगळं" एवढंच म्हणतात. ग्रुपवर दोन वकील आहेत, एक सीए आहे. मेळाव्याची वर्गणी जमलेलीच आहे, ती मुलीच्या फीला द्या आणि मेळावा पुढच्या वर्षी करा. कुणाला राग आला तरी मी हेच म्हणणार.

रविवारी सकाळी अकराला मी वहिनींकडे जाते आहे. वकिलांपैकी कोण येतंय ते इथंच सांगा.