शेत विकायच्या आधी ब्लॉक तपासून घ्या

भाऊ, तुम्ही आर्णी तालुक्यातून लिहिलंत: 'मेंदूच्या गाठीवर नेमका वार करणाऱ्या गोळ्यांचं कौतुक खेड्यातल्या माणसाला कशाला? दोन एकर विकून चार महिने मिळणार असतील तर ती आशा नाही, फसवणूक आहे.'

तुमचा राग रास्त आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीच्या, बहुतेक रुग्णांना आजही ऑपरेशन, सहा आठवड्यांचे शेक (रेडिएशन) आणि टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी हाच आधार आहे. 2005 च्या मोठ्या चाचणीत नुसत्या शेकांवर मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ, 12.1 महिने होतं, सोबत ही गोळी दिल्यावर 14.6 झालं. गाठीतल्या ठराविक जनुकीय बदलावरच वार करणाऱ्या नेमक्या औषधांनी ग्लायोब्लास्टोमात आतापर्यंत बहुतेक वेळा हातच टेकले. जवळपास निम्म्या गाठींमध्ये ईजीएफआर जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, तरी त्यावरच वार करणाऱ्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर चालणाऱ्या एर्लोटिनिबचा इथे उपयोग झाला नाही. एक तर मेंदूच्या रक्तवाहिन्या औषध आत येऊ देत नाहीत. शिवाय एकाच गाठीत तऱ्हेतऱ्हेच्या पेशी असतात. बीटीला न जुमानणारी बोंडअळी मागे उरते आणि तीच वाढते, तसंच इथे होतं.

म्हणूनच तपासणी आधी. कोणासाठी शेत विकू नये, हे तीच सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लॅब मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, जपून ठेवते. त्यावर आयडीएच, बीआरएएफ व्ही600ई आणि गाठ मेंदूच्या मध्यरेषेवर असेल तर एच3 के27एम हे जनुकांतले बदल पाहायला सांगा. बीआरएएफचा बदल निघाला तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी विचारात घेता येते. असे रुग्ण थोडे, पण त्यांच्यात गाठ खरोखर आकसलेली दिसते. आयडीएचवरच्या व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळाली ती ग्रेड 2 च्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, गाठींसाठी. ग्लायोब्लास्टोमासाठी ही गोळी कोणी सुचवली तर कारण विचारा. बदल सापडलाच नाही तर महागड्या गोळीचा विषय तिथेच संपतो.

गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबबद्दलही तुम्ही विचारलंत. त्याने मेंदूची सूज उतरते, सुजेवरचं स्टिरॉइड डेक्सामेथासोन कमी करता येतं आणि काहींना पुन्हा चालता येतं. आयुष्य वाढल्याचं मात्र चाचण्यांत दिसलं नाही. जखम भरायला ते आड येतं, म्हणून ऑपरेशननंतर निदान 28 दिवस देत नाहीत.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा निसटते. झटक्यांसाठी तालुक्याला फेनिटॉइन सुरू झालेलं असतं. त्याने यकृत डॅब्राफेनिबसारखी औषधं झपाट्याने मोडून टाकतं आणि रक्तातली मात्रा घसरते, म्हणजे लाखाची गोळी वाया. झटक्यांवरच्याच लेव्हेटिरासिटॅमने तसं होत नाही. बदल मात्र डॉक्टरांनाच करू द्या. फेनिटॉइन किंवा डेक्सामेथासोन एकदम बंद केलं तर जीवावर बेतू शकतं.

नागपूर, सेवाग्राम, सावंगी, जिथे ऑपरेशन झालं असेल तिथल्या पॅथॉलॉजी विभागात ब्लॉक आणि स्लाइडसाठी लेखी अर्ज द्या. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. रिपोर्टात आयडीएचची ओळ नसेल तर अर्ज याच आठवड्यात टाका.