खानावळवाल्या कुठे गेल्या?

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जगण्यावरचा तुमचा लेख आवडला. गिरणीचे भोंगे, लालबागचे गणपती, चाळीतली भजनं, सगळं आलं. पण खानावळवाल्या बायका कशा सुटल्या?

आमची आजी परळच्या चाळीत खानावळ चालवायची. खोली १० बाय १२ची, जेवणारे पंधरा-सोळा. बहुतेक कोकणातले, बायकामुलं गावी. पाळीप्रमाणे येणार, म्हणून स्टोव्ह कधी थंड नाही. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाणसामान उधारीवर, नाहीतर सावकाराकडून. आणि भाकरी मोजून नाही हं, पोट भरेपर्यंत! (बांगड्याच्या तुकड्यांचा मात्र चोख हिशेब.) अशाच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्याचा तरी उल्लेख हवा होता.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार एकेक करून गावी गेले. आजीच्या वहीत बरीच नावं तशीच राहिली. "पोरं उपाशी होती, मागायचं कुणाकडे?" एवढंच म्हणायची. त्यातला एक जण दहा-बारा वर्षांनी सावंतवाडीहून आला, पैसे आणि फणस घेऊन. पैसे तिने घेतले नाहीत. फणस आम्ही दोन दिवस खाल्ला.