आतित्लान सरोवरातलं ‘एका रात्रीत बुडालेलं शहर’

मध्य अमेरिकेत, ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवराबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय: तळाशी तिथल्या मूळ रहिवासी माया लोकांचं महानगर आहे, देवाच्या कोपाने ते एका रात्रीत बुडालं, त्याबरोबर माया लोकही नाहीसे झाले आणि संशोधक हे सगळं दडवून ठेवतात.

तळाशी अवशेष आहेत, एवढं खरं. त्या जागेला सामाबाह म्हणतात. पण ते महानगर नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते सरोवरातलं बेट होतं. तिथे वेद्या, कोरीव उभ्या शिळा, धूप जाळायची भांडी आणि घरांचे पाये सापडले. पूजाविधींसाठी, यात्रेसाठी लोक येत असावेत, असं अभ्यासक मानतात.

मग ते बुडालं कसं? आतित्लान हे ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकानंतर खचलेल्या खोलगटात साठलेलं पाणी आहे. त्यातून बाहेर पडणारी एकही नदी जमिनीवर दिसत नाही. पाणी खडकांतून झिरपून जातं. त्या वाटा तुंबल्या की पातळी चढते, मोकळ्या झाल्या की उतरते. १९७६च्या भूकंपानंतर ती उतरली, तर २०१०च्या अगाथा वादळानंतर इतकी चढली की काठावरची घरं पाण्यात गेली. सामाबाहच्या बाबतीत उद्रेक किंवा दरड हे कारण असावं, असा अंदाज आहे. पाणी वेगाने चढलंही असेल. पण ‘एका रात्रीत’ला आधार काय? सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे पातळी फक्त एक मीटर वाढायला १३ कोटी घनमीटर पाणी लागतं.

दडवण्याचा आरोप तर टिकतच नाही. रोबेर्तो सामायोआ या पाणबुड्याला ही जागा १९९०च्या दशकात सापडली, तिच्या नावातही त्याचं आडनाव आहे. सोनिया मेद्रानो यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे काम केलं. तिथल्या वस्तू सरोवरकाठच्या पनाहाचेल गावातल्या संग्रहालयात कोणालाही पाहता येतात.

मला सर्वांत जास्त खटकतं ते माया लोक ‘नाहीसे’ झाल्याचं वाक्य. सामाबाह बुडाल्यावर हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी याच काठावर त्सुतुहिल माया राज्य करत होते. चुइतिनामित ही त्यांची राजधानी स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादोने १५२४मध्ये जिंकली, तीही शेजारच्या काकचिकेल मायांच्या मदतीने. २०१८च्या जनगणनेत ग्वाटेमालातल्या ६० लाखांहून अधिक लोकांनी स्वतःची नोंद माया म्हणून केली. सरोवरकाठच्या सांतियागो आतित्लान गावात आजही घराघरांत त्सुतुहिल भाषा बोलली जाते.

याच गावातल्या निःशस्त्र माया जमावावर २ डिसेंबर १९९० रोजी लष्कराने गोळीबार केला. किमान १३ जण मेले, त्यांत मुलंही होती. गावकरी मागे हटले नाहीत. त्याच महिन्यात सरकारला तिथली लष्करी छावणी हलवावी लागली.