‘हिरवी ती वनस्पतीची, हलते ती प्राण्याची’: पेशी ओळखण्याचा हा तक्ता काचपट्टीवर टिकत नाही

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखण्याचा एक तक्ता पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: पेशी हिरवी असेल तर वनस्पतीची. भित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, दिसली तरी वनस्पतीची, नाही दिसली तर प्राण्याची. चौकोनी वनस्पतीची, गोल प्राण्याची. हलत असेल तर प्राण्याची. धागे दिसले तर बुरशी, आणि एकटीच पेशी दिसली की प्रोटिस्ट, म्हणजे वनस्पती, प्राणी किंवा बुरशी यांत न मोडणारा, बहुधा एकपेशीय सजीव. पाठ करायला सोपा असल्याने परीक्षेच्या तोंडावर तो जास्तच फिरतो. मुलं तो प्रमाण मानतात आणि समोर नीट दिसत असलेली पेशी चुकीची ओळखतात, म्हणून त्यातली एकेक ओळ तपासून घेऊ.

‘हिरवी असेल तर वनस्पतीची’

सगळ्यात आधी दाखवला जाणारा वनस्पतीचा नमुना म्हणजे कांद्याच्या पाकळीचा पापुद्रा. त्यात एकही हरितलवक नसतं. मुळांच्या पेशींतही नसतं. उलट साचलेल्या पाण्याच्या थेंबात युग्लीना हिरवीगार दिसते, पण ती आहे प्रोटिस्ट. तिच्याभोवती कडक भित्तिका नसून प्रथिनांच्या पट्ट्यांचं लवचिक आवरण असतं. त्यामुळे लांबट पेशी मध्येच आखडून गोळा होते, पुन्हा ताणली जाते. कडक भित्तिकेत बंद असलेल्या पेशीला हे जमणारच नाही. तेव्हा रंग बाजूला ठेवून ही वळवळ आणि पुढच्या टोकाजवळचा लालसर नेत्रबिंदू शोधावा. डायटम हे एकपेशीय शैवालही प्रकाशसंश्लेषण करतात, पण ते सोनेरी-तपकिरी दिसतात आणि त्यांचं कवच सिलिकाचं असतं.

‘भित्तिका दिसली तर वनस्पतीची’

ही ओळ सर्वांत जास्त फसवते. कवकांना, म्हणजे बुरशी-यीस्टच्या गटाला, भित्तिका असते, तिच्यात कायटिन हा कडक पदार्थ असतो. अनेक शैवालांनाही असते. शिवाय पेशीची कड दिसली म्हणजे भित्तिका दिसली असं होत नाही. गालाच्या आतल्या पेशीलाही स्पष्ट कड दिसते आणि मुलं तिला ‘पेशीपटल’ (पेशीभोवतीचा पातळ पडदा) असं नाव देऊन मोकळी होतात. पटलाची जाडी जेमतेम 7 ते 10 नॅनोमीटर, आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणजे आपण पाहतो ती पेशीची सीमा, पटल नव्हे.

भित्तिका आणि पटल वेगळं दाखवायचं असेल तर रससंकोचन करावं, म्हणजे पेशीतलं पाणी काढून आतला भाग आकसवावा. लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा घ्या, 5 मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा पुरतो. तो पाण्याच्या थेंबात घडी न पडता पसरवा. आच्छादक काच एका कडेवर टेकवून तिरकी हळूहळू सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. मग 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब काचेच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. द्रावण आत ओढलं जातं. काही मिनिटांत परासरणाने पाणी बाहेर पडतं आणि जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो. रिकामी चौकट जागेवर राहते. ती भित्तिका. आत आकसलेल्या गोळ्याची सीमा म्हणजे पटलाची जागा. लगेच त्याच रीतीने साधं पाणी ओढलं तर गोळा पुन्हा फुगून चौकट भरतो. फार वेळ मिठात राहिलेली पेशी मरते, मग ती फुगत नाही.

यीस्टवर मात्र हा प्रयोग बसत नाही. तिची भित्तिका लवचिक असते, त्यामुळे अख्खी पेशीच लहान होते. कवकाचा संशय असेल तर पेशीला फुटलेल्या छोट्या कळ्या किंवा तंतू शोधावेत.

‘चौकोनी वनस्पतीची, गोल प्राण्याची’

गालाची पेशी चपटी, वेडीवाकडी, बहुकोनी असते. कडा दुमडलेल्या असतात. काळीभोर जाड कड असलेली, आत काहीच नसलेली अगदी गोल ‘पेशी’ दिसली तर तो हवेचा बुडबुडा समजा.

आकारापेक्षा मापाचा उपयोग कितीतरी जास्त, आणि तक्त्यात मापाचं नावच नाही. नेत्रिकेवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) क्षेत्रांक, म्हणजे दृश्यक्षेत्राचं माप, 18 लिहिला असेल तर 40 पटीच्या वस्तुभिंगाखाली (नमुन्याजवळच्या भिंगाखाली) दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास 18 भागिले 40, म्हणजे 0.45 मिलिमीटर. त्यात कांद्याची एक पेशी बहुतेक जागा व्यापते. पॅरामिशियम हा पाण्यातला प्रोटिस्ट निम्म्याहून जास्त. गालाच्या पेशी ओळीत सात-आठ मावतात, यीस्टच्या पन्नासहून जास्त. एकूण 100 पट विशालनावर यीस्ट शोधत बसणाऱ्याला नुसते ठिपके दिसतात. 400 पट लागतंच.

‘हलत असेल तर प्राण्याची’

आधी खरोखर हलतंय का ते पाहा. सगळे कण एकाच दिशेने वाहत असतील तर तो आच्छादक काचेखालचा पाण्याचा प्रवाह. बारीक कण जागच्या जागी थरथरत असतील तर ती ब्राउनीय गती; रॉबर्ट ब्राउन यांनी 1827 मध्ये ती परागकणांतल्या कणांत पाहिली, आणि ते कण सजीव नव्हते. हायड्रिलाच्या पानात हरितलवकं पेशीच्या कडेने फिरताना दिसतात, आणि शेवाळी (मॉस) व नेच्यांच्या पुंयुग्मकांना (नर जननपेशींना) चक्क कशाभिका, म्हणजे पोहायला लागणारे शेपटीसारखे धागे, असतात. हे सगळं वनस्पतींत.

पॅरामिशियम पळतं म्हणून ते प्राणी ठरत नाही. थेंबात कापसाचे दोन-चार धागे सोडले की ते अडतं आणि जादा पाणी बाहेर टाकणारी संकोची रिक्तिका फुगून रिकामी होताना दिसते. थेंब सुकू लागला की काच दाबते आणि पेशी फुटते. कडेने पाणी घालत राहावं.

‘धागे म्हणजे बुरशी’

ऊमायसीट्स या बुरशीसारख्या दिसणाऱ्या सजीवांनाही धागे असतात, पण त्यांच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं आणि ते कवकांत मोडत नाहीत. बटाट्याचा करपा आणणारा फायटोफ्थोरा त्यांतलाच. तंतूंत आडपडदे, म्हणजे पेशी विभागणाऱ्या आडव्या भिंती, नसणं हीसुद्धा खूण पुरत नाही, कारण रायझोपस या खऱ्या कवकाच्या तंतूंतही ते सहसा नसतात.

‘एकटी पेशी म्हणजे प्रोटिस्ट’

यीस्ट एकटी असते आणि कवक आहे. रक्तातली तांबडी पेशी एकटी दिसते आणि प्राण्याची आहे. मूत्रतपासणीत या दोघींची गल्लत नेहमी होते, कारण माप जवळपास सारखं. कळी दिसली तर यीस्ट. न दिसल्यास 2 टक्के ॲसिटिक आम्लाचा थेंब सोडतात: तांबड्या पेशी फुटून नाहीशा होतात, यीस्ट तशीच राहते.